इन्सुलिन घेणाऱ्यांचे रोजचे प्रश्न: सुई, ताट आणि घड्याळ

ज्यांचं इन्सुलिन सुरू झालं आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे प्रश्नोत्तर आहे. डोस किती हे तुमचे डॉक्टर ठरवतात. तोच डोस एके दिवशी लागू पडतो आणि दुसऱ्या दिवशी पडत नाही, असं का होतं ते इथे सांगितलं आहे. साखर वरखाली झाली की पहिला संशय डोसवर जातो, पण बहुतेक वेळा खोट वेळेत, टोचायच्या जागेत, बाटलीच्या साठवणीत किंवा ताटातल्या न मोजलेल्या पदार्थात असते. ते सगळं तपासल्याशिवाय युनिट वाढवण्याची घाई करू नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं. साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत, म्हणजे आपल्याकडच्या लॅबच्या रिपोर्टवर असतात तेच.

इन्सुलिन एकदा सुरू केलं की सवय लागते, ही शेवटची पायरी असते, हे खरं आहे का?

नाही. इन्सुलिन आपलं शरीर रोज स्वतः तयार करतं. ते कमी पडलं की बाहेरून द्यायचं, एवढंच. टाइप १ मध्ये ते जवळजवळ तयारच होत नाही, म्हणून एक दिवसही बंद ठेवता येत नाही. १९२२ पर्यंत टाइप १ झालेल्यांवर प्रभावी इलाज नव्हता. टाइप २ मध्ये स्वादुपिंड वर्षानुवर्षं थकत जातं, म्हणून गोळ्या पुरेनाशा होतात. काहींना शस्त्रक्रिया, गरोदरपण किंवा मोठ्या आजारापुरतंच इन्सुलिन लागतं आणि नंतर ते बंदही होतं. खरं नुकसान होतं ते टाळाटाळीत गेलेल्या वर्षांमुळे: डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा तोवर वाट बघत नाहीत.

बाटलीवर ४० लिहिलंय आणि पेनच्या काडतुसावर १००. फरक काय पडतो?

फार मोठा पडतो, आणि ही चूक जिवावर बेतू शकते. भारतात बाटलीतलं बहुतेक इन्सुलिन दर मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीचं असतं. पेनचं काडतूस १०० युनिटचं असतं, त्यात ३ मिलिलिटर म्हणजे एकूण ३०० युनिट बसतात. सिरिंजही त्याच हिशोबाने दोन प्रकारच्या येतात: ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी टोपणाची. टोपण हरवतं, म्हणून सिरिंजच्या नळीवर छापलेला आकडा वाचायची सवय लावा.

समजा डोस २० युनिटचा आहे. ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज असा घोळ झाला तर २० च्या रेघेपर्यंत भरूनही अंगात फक्त ८ युनिट जातात, आणि साखर का उतरत नाही ते कळत नाही. उलट घोळ झाला तर २० ऐवजी ५० युनिट जातात. हा दुसरा प्रकार बहुधा पेन बिघडल्यावर होतो: काडतुसात सुई खुपसून घरातल्या लाल टोपणाच्या सिरिंजने औषध ओढलं जातं. असं कधीही करू नका. पेन बंद पडलं तर नवीन पेन मिळेपर्यंत काय घ्यायचं ते डॉक्टरांना फोनवर विचारा. घरात दोन ताकदींचं इन्सुलिन असेल तर दोघांच्या सिरिंज वेगवेगळ्या डब्यात ठेवा.

जेवणाच्या किती आधी टोचायचं?

हे इन्सुलिनच्या जातीवर अवलंबून आहे. साधं रेग्युलर आणि ३०/७० हे जुनं मिश्रण जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं, कारण त्याचा असर सुरू व्हायलाच तेवढा वेळ लागतो. लिस्प्रो, अस्पार्ट, ग्लुलिसिन ही झटपट इन्सुलिनं ५ ते १५ मिनिटं आधी. ग्लार्जिन, डेग्लुडेक यांसारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा जेवणाशी संबंध नाही, ती रोज ठरलेल्या वेळी घ्यायची.

३०/७० घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. त्यातला ७० टक्के भाग हळू चढतो आणि साधारण ४ ते ८ तासांनी जोरावर येतो. सकाळी साडेआठला घेतलेला डोस दुपारी एक-दोनच्या सुमाराला काम करत असतो, म्हणजे दुपारचं जेवण त्या डोसने आधीच गृहीत धरलेलं असतं. ते साडेतीनवर गेलं की साखर उतरून घाम फुटणारच. रात्री आठचा डोस मध्यरात्रीपासून पहाटे तीनपर्यंत जोरात असतो. म्हणून या इन्सुलिनवर जेवणाच्या वेळा पाळणं हा उपचाराचाच भाग आहे. नोकरीच्या वेळा सारख्या बदलत असतील तर हे मिश्रण आपल्याला सोयीचं आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

टोचून झाल्यावर आंघोळ, मग पूजा, मग आलेला पाहुणा, असं होत असेल तर इंजेक्शन त्या सगळ्यानंतर घ्या. लग्नाच्या पंगतीत आणि हॉटेलात ताट समोर येण्याची खात्री होईपर्यंत थांबा. थोडं उशिरा टोचल्याने साखर जरा वर जाईल, पण टोचून उपाशी बसल्याने माणूस खाली पडेल.

दुधाळ इन्सुलिन हलवायचं कसं?

३०/७० आणि एनपीएच (हळू चढणारं दुधाळ इन्सुलिन) यांचा गाळ तळाशी बसतो. बाटली किंवा पेन दोन तळहातांमध्ये १० वेळा घोळवा, मग १० वेळा उलटसुलट करा. सारखा पांढरा रंग दिसला पाहिजे. सरबतासारखं जोरात हलवलं तर फेस होतो आणि डोस चुकतो. न मिसळता घेतलं तर पहिले काही दिवस पातळ आणि शेवटचे काही दिवस घट्ट इन्सुलिन अंगात जातं, म्हणजे एकाच बाटलीत आधी साखर वर आणि नंतर खाली. मिसळूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला आतून पांढरा थर चिकटला तर बाटली टाकून द्या. जे इन्सुलिन मुळात पाण्यासारखं स्वच्छ असतं ते गढूळ दिसलं तरी तेच करा.

साधं आणि दुधाळ इन्सुलिन एकाच सिरिंजमध्ये घेता येतं का?

रेग्युलर आणि एनपीएच घेता येतं. आधी दुधाळ बाटलीत तिच्या डोसइतकी हवा सोडा, औषध न ओढता सुई बाहेर काढा. मग स्वच्छ बाटलीत तिच्या डोसइतकी हवा सोडून तिचं इन्सुलिन ओढा, बुडबुडे टिचकीने वर आणून घालवा. शेवटी दुधाळ बाटलीतून उरलेले युनिट मोजून ओढा. क्रम नेहमी स्वच्छ आधी, दुधाळ नंतर. नाहीतर दुधाळ औषध स्वच्छ बाटलीत जाऊन ती बाटली बिघडते. दुधाळ जरा जास्त ओढलं गेलं तर परत ढकलू नका, सगळं टाकून नव्याने भरा. ग्लार्जिन कशातच मिसळायचं नाही.

पोटावर गाठी झाल्यात. तिथे दुखत नाही, तर तिथेच टोचलं तर?

दुखत नाही म्हणूनच माणूस तिथेच टोचत राहतो आणि गाठ वाढत जाते. त्या जाड झालेल्या चरबीतून इन्सुलिन आज हळू झिरपतं, उद्या एकदम सुटतं. सारखा डोस, सारखं जेवण आणि तरी आज २८०, उद्या ६५ असं दिसत असेल तर युनिटांचा विचार करण्याआधी पोटावरून हात फिरवा. अंगाला थोडं साबणाचं पाणी लावून बोटांनी चाचपलं की नजरेला न दिसणारे टणक किंवा रबरी भाग हाताला लागतात. पेनने त्यांच्या कडेने खूण करा आणि तिथे काही महिने सुई लावू नका.

जागा बदलण्याची सोपी पद्धत: पोटाचे बेंबीभोवती चार भाग करा (बेंबीपासून दोन बोटं अंतर सोडून), एक आठवडा एक भाग, आणि त्या भागातही प्रत्येक टोचणी आधीच्या टोचणीपासून एक बोट दूर. मांडीचा बाहेरचा वरचा भाग आणि नितंबाचा वरचा बाहेरचा भागही चालतो. पोटातून इन्सुलिन लवकर शोषलं जातं, मांडीतून हळू, म्हणून सकाळी पोट आणि रात्री मांडी असा काहीतरी नियम धरा. रोज मनाला येईल तिथे टोचू नका.

आणि एक इशारा. गाठीतून निरोगी जागेवर आल्यावर तोच डोस जास्त लागू पडतो. पहिले काही दिवस साखर जास्त वेळा तपासा आणि डोस कमी करावा का, हे बदल करण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

पेनने टोचल्यावर सुईच्या टोकावर थेंब राहतो. औषध वाया गेलं का?

थोडं गेलं, आणि कारण बहुधा घाई हेच असतं. बटण पूर्ण दाबल्यावर सुई आत ठेवूनच सावकाश १० पर्यंत मोजा, मग काढा. दर वेळी टोचण्याआधी २ युनिट लावून सुई वर धरून हवेत सोडा. थेंब दिसला तरच पेन आणि सुई ठीक आहेत. सुई पेनला लावून तशीच ठेवली तर आत हवा जाते, औषध गळतं, आणि दुधाळ इन्सुलिनचं प्रमाणही बिघडतं. ४ मिलिमीटरची सुई असेल तर मोठ्या माणसाला चिमटा न धरता सरळ काटकोनात टोचता येतं, जाड माणसालाही तीच पुरते. चिमटा धरायचा तो अगदी सडपातळ व्यक्तीला, लहान मुलाला किंवा लांब सुई असेल तर.

एक सुई किती वेळा वापरायची?

एकदाच, असं ती बनवणारे सांगतात आणि त्याला कारण आहे: टोक पहिल्या वापरातच बोथट व्हायला लागतं, सिलिकॉनचा थर निघून जातो, टोचणी दुखते आणि गाठी वाढतात. खर्चामुळे अनेक घरांत ती दोन-चारदा वापरली जाते हे आम्हाला माहीत आहे. ते टाळता येत नसेल तर निदान दुखायला लागली, वाकली किंवा कुठे टेकली की लगेच टाका. सुई स्पिरिटने पुसू नका, त्याने उरलासुरला थरही जातो. दुसऱ्याची सुई, सिरिंज किंवा पेन मात्र कधीच वापरायचं नाही, नवरा-बायकोनेही नाही. सुई बदलली तरी रक्ताचा अंश काडतुसात मागे गेलेला असू शकतो.

फ्रीज नाही, किंवा मे महिन्यात वीज जाते. इन्सुलिन कसं टिकवायचं?

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. फ्रीजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणाजवळ नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी निकामी असतं. वापरात असलेलं पेन किंवा बाटली ३० अंशांखाली असेल तर बहुतेक प्रकार ४ आठवडे टिकतात. नेमकी मुदत खोक्यातल्या कागदावर असते. बाटली फोडल्याची तारीख लेबलवर लिहा.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात घरातलं तापमानही ३० च्या बरंच वर असतं. तिथे मातीचं भांडं खरोखर उपयोगी पडतं: माठात किंवा मडक्यात ओली वाळू, तिच्यावर घट्ट झाकणाच्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं, आणि मडकं सावलीत वारा लागेल अशा ठिकाणी. बाटलीला पाणी लागता कामा नये. हवा कोरडी असेल तिथे ही युक्ती छान चालते. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात दमट हवेमुळे तिचा उपयोग कमी. गाडीच्या डॅशबोर्डवर, मोटरसायकलच्या डिकीत आणि शर्टाच्या खिशात इन्सुलिन ठेवू नका. बाटली नवीन असूनही साखर अचानक उतरेनाशी झाली तर दुसरी बाटली उघडून दोन दिवस बघा.

ताटातलं काय मोजायचं?

कर्बोदकं. जेवल्यानंतर दोन तासांत साखर चढते ती मुख्यतः त्यांच्यामुळे. घरातला स्वयंपाकाचा वजनकाटा आठवडाभर वापरा. नंतर नजर तयार होते. काही ढोबळ आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २५ ग्रॅम कणकेचा पातळ फुलका म्हणजे सुमारे १७ ग्रॅम कर्बोदकं, ४० ग्रॅम कणकेची तेल लावलेली पोळी २७ ग्रॅम, ७० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी ४८ ग्रॅमच्या आसपास. शिजलेला भात १०० ग्रॅमला २८ ग्रॅम, म्हणजे नेहमीची वाटी (सव्वाशे ग्रॅम) ३५. एक वाटी मटकीची उसळ १५ ते २०, वाटीभर पातळ वरण १० च्या आत-बाहेर. २०० मिलिलिटर दूध १०. पालेभाजी, काकडी, कोबी, दोडका, वांगं यांचं गणित करायची गरज नाही. बटाटा, रताळं, सुरण, मका हे मात्र भाजी म्हणून ताटात आले तरी पोळी-भातासारखेच मोजायचे.

एक भाकरी, वाटीभर उसळ, अर्धी वाटी भात आणि वरण: बेरीज ९० ग्रॅमच्या पुढे जाते. यातला भात कमी केला की १७-१८ ग्रॅम कमी होतात आणि उसळीतली प्रथिनं राहतात. ठरावीक डोस घेणाऱ्यांनी रोज एका वेळी साधारण सारखीच कर्बोदकं खावीत, हा त्यांच्यासाठी सर्वांत कामाचा नियम. दिवसाला चार इंजेक्शनं घेणाऱ्यांना जेवणाप्रमाणे युनिट बदलता येतात. त्याची पद्धत पुढे आहे.

खाण्याचा क्रमही फरक पाडतो. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, पिठलं, अंडं किंवा मासळी, शेवटी भाकरी-भात, असं खाल्लं तर साखरेची उसळी कमी होते. रोजच्या ताटात काहीही न बदलता करता येणारी ही गोष्ट आहे.

ज्वारीची भाकरी कितीही चालते ना? आणि साखरेऐवजी गूळ, मध?

ज्वारी-बाजरीत तंतू जास्त असतात, पोट भरतं, साखर गव्हाच्या मैदायुक्त पदार्थांपेक्षा हळू चढते. पण वजनाला वजन लावलं तर कर्बोदकं जवळपास गव्हाइतकीच. गावाकडची परातभर भाकरी शंभर ग्रॅम पिठाची असते, म्हणजे एकीतच चार फुलके. गूळ आणि मध हे रक्ताच्या दृष्टीने साखरच आहेत. गुळाचा चहा पिऊन डोस तोच ठेवणाऱ्यांची साखर चढते यात आश्चर्य काही नाही. 'शुगर-फ्री' मिठाईत साखर नसली तरी खवा आणि मैदा असतोच.

आषाढी, चतुर्थी, नवरात्र. उपवास करता येईल का?

टाइप १, गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार, किंवा गेल्या काही महिन्यांत साखर फार खाली गेलेली असेल तर निर्जळी किंवा कडक उपवास करू नये. बाकीच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्यावा. रोजे ठेवणाऱ्यांनाही हेच लागू; त्यांनी ती भेट रमजानच्या महिना-दीड महिना आधी घ्यावी, म्हणजे नवा डोस जमतो का ते बघायला वेळ मिळतो.

उपवासाचे धोके दोन, आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. काही न खाता नेहमीचं ३०/७० घेतलं तर साखर कोसळते. पण फराळ केला तर ती चढते, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे: ७५ ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीत ६५ ग्रॅम कर्बोदकं, वर बटाटा. त्यातल्या शेंगदाण्यांमुळे आणि तुपामुळे चढ उशिरा येतो, दोन तासांनी बरी दिसलेली साखर चार तासांनी वर असते. भगर वाटीभर आणि तिच्यासोबत दाण्याची आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर हा त्यापेक्षा कितीतरी बरा फराळ. राजगिऱ्याचं थालीपीठ चालेल. राजगिऱ्याच्या लाडवात गूळ असतो. उपवासाला दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन सहसा बंद करत नाहीत, डॉक्टर ते थोडं कमी करतात. जेवणाचं इन्सुलिन मात्र जेवण नसेल तर घ्यायचं नाही. साखर ७० खाली गेली की उपवास तिथेच सोडायचा.

पुरणपोळी आणि आंबा?

मध्यम पुरणपोळीत साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे तीन फुलक्यांएवढी. एक खायची तर त्या जेवणात भात आणि पोळी नको. कटाची आमटी, भाजी, कोशिंबीर घ्या. मध्यम हापूसच्या गरात २० ते २५ ग्रॅम. अर्धा आंबा फोडी करून, दुपारी जेवणाऐवजी नव्हे तर पोळी कमी करून खाता येतो. आमरस-पुरीच्या जेवणात रस वाटीने घेतला जातो, त्यात साखर घातलेली असते आणि पुऱ्या मोजल्या जात नाहीत. अडचण तिथे होते.

साखर लो झाली हे कसं ओळखायचं आणि नेमकं काय द्यायचं?

७० च्या खाली गेली की लो, ५४ च्या खाली गंभीर. थरथर, गार घाम, धडधड, अचानक भूक, ओठांना मुंग्या, चिडचिड, अडखळत बोलणं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. वारंवार लो होणाऱ्यांना कालांतराने खुणाच कळेनाशा होतात.

मशीन हाताशी असेल तर तपासा, नसेल तर न तपासताच उपचार करा. १५ ग्रॅम लगेच शोषली जाणारी साखर द्या: ग्लुकोज पावडरचे किंवा साखरेचे तीन भरलेले चहाचे चमचे पाण्यात विरघळवून, किंवा नेहमीच्या गोड शीतपेयाचे १५० मिलिलिटर. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० खाली असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट, पेढा, बिस्किट, दूध नको. चरबीमुळे साखर उशिरा पोहोचते. आणि घाबरून अर्धा डबा लाडू संपवू नका, दोन तासांनी ३०० दिसतात. साखर वर आल्यावर पुढचं जेवण तासाभराहून लांब असेल तर एक फुलका किंवा कपभर दूध घ्या.

एक बाब दुकानदारही सांगत नाहीत. व्होग्लिबोस किंवा अकार्बोस ही गोळी चालू असेल तर साधी साखर पोटात फुटायला वेळ लागतो. अशा माणसाला ग्लुकोज पावडरच हवी. आपल्याकडे व्होग्लिबोस अनेक मिश्र गोळ्यांत असतं, म्हणून आजच पाकिटावरचं नाव वाचून ठेवा आणि खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या.

माणूस बेशुद्ध असेल तर?

तोंडात पाणी, साखर, काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. घरात ग्लुकागॉनचं (साखर वर आणणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन असेल तर मोठ्यांना १ मिलिग्रॅम द्या आणि शुद्ध आल्यावर तोंडाने साखर. दवाखान्यात पोहोचेपर्यंत इन्सुलिन अजिबात द्यायचं नाही.

रात्री नीट जेवलो, तरी सकाळी उपाशीपोटी जास्त का?

दोन-तीन रात्री पहाटे तीनला तपासा, उत्तर मिळतं. तीनला साखर ठीक आणि सहाला चढलेली असेल तर ते पहाटेच्या संप्रेरकांचं काम. रात्रभर वरच असेल तर रात्रीचं जेवण जड किंवा उशिरा झालं, नाहीतर रात्रीचं इन्सुलिन कमी पडतंय. आणि तीनला ७० खाली असेल तर रात्रीचा डोस जास्त आहे. या शेवटच्या स्थितीत सकाळचा आकडा पाहून रात्रीचा डोस वाढवणं म्हणजे थेट धोका. भिजलेली उशी, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड, या खुणा घरच्यांनीही लक्षात ठेवाव्यात.

जेवणाप्रमाणे युनिट काढायचे कसे? आणि साखर जास्त दिसली तर वरून किती?

हे फक्त झटपट आणि दीर्घकाळ चालणारं असं वेगवेगळं इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर. दिवसभराचे एकूण युनिट समजा ३६. ५०० ला ३६ ने भागा: १४, म्हणजे एक युनिट सुमारे १४ ग्रॅम कर्बोदकं सांभाळतं. १८०० ला ३६ ने भागा: ५०, म्हणजे एक युनिट साखर सुमारे ५० ने उतरवतं. जेवणात ५६ ग्रॅम कर्बोदकं आणि आत्ताची साखर २२०, लक्ष्य १२० असेल तर ४ अधिक २ असे ६ युनिट. हे सुरुवातीचे अंदाज आहेत, प्रत्येकाचा आकडा नोंदवहीवरून सुधारावा लागतो. अनेकांना सकाळी जास्त इन्सुलिन लागतं.

सर्वांत जास्त घोळ होतो तो घाईचा. जेवणानंतर दीड तासाने २४० दिसले म्हणून ४ युनिट, अजून तासाने २१० म्हणून आणखी ३. आधीच्या डोसचं काम संपलेलं नसतं, सगळे डोस एकावर एक चढतात आणि दोन तासांनी ५०. झटपट इन्सुलिनचा दुरुस्तीचा डोस चार तासांच्या आत पुन्हा घेऊ नका.

डोस घ्यायचा विसरलो.

जेवणाचं झटपट इन्सुलिन जेवून उठता उठता आठवलं तर घ्या. बराच वेळ गेला असेल तर साखर तपासून डॉक्टरांना विचारा. पुढच्या वेळी दुप्पट कधीच नाही. घेतलं की नाही हे आठवत नसेल तर न घेतलेलं बरं. दर तीन-चार तासांनी साखर तपासत राहा, टाइप १ असेल तर कीटोनही (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारे घातक पदार्थ) बघा आणि डॉक्टरांना फोन करा. कॅलेंडरवर टोचल्याबरोबर टिकमार्क केली की हा प्रश्न उरत नाही.

ताप आहे, जेवण जात नाही. इन्सुलिन बंद करू का?

नाही. आजारात साखर न जेवताही चढते. टाइप १ मध्ये दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन चालूच ठेवायचं. ते थांबवलं की शरीर चरबी जाळून कीटोन तयार करतं. दर चार तासांनी साखर तपासा, २५० च्या वर राहिली तर लघवीची कीटोन पट्टी लावा. पेज, ताक, वरणाचं पाणी घोट घोट घ्या. वारंवार उलटी, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास, श्वासाला फळासारखा वास, गुंगी यातलं काहीही असेल तर घरी थांबू नका.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन गोळी चालू असेल तर उलट्या आणि उपासमारीत साखर १८० असतानाही कीटोन चढू शकतात. ती गोळी आजारपणात थांबवायची असते. डॉक्टरांना लगेच विचारा. स्टेरॉइड सुरू झालं तर विशेषतः दुपारनंतरची साखर उसळते, ते थांबल्यावर वाढवलेलं इन्सुलिन कमी करायला विसरू नका.

चालायला जाण्याआधी काय? आणि वारीला?

साखर १०० च्या आत असेल तर एक केळं किंवा फुलका खाऊन निघा. मांडीत टोचून लगेच पळायला जाऊ नका, इन्सुलिन लवकर शोषलं जातं. जास्त श्रमानंतर साखर त्या रात्रीही खाली येऊ शकते.

पंढरीची वारी म्हणजे सलग दिवसचे दिवस चालणं. डोस सहसा पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच कमी लागतो. किती कमी करायचा ते आधी ठरवून घ्या. प्रसादाच्या पंगतीची वेळ आपल्या हातात नसते, म्हणून जेवण समोर आल्यावरच टोचा. अनवाणी चालू नका. रोज मुक्कामाला तळपाय आरशात बघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, फोड फोडू नका. नसा बधिर झालेल्यांना मंदिराच्या आवारातली तापलेली फरशी कळत नाही आणि भाजतं, मोजे घाला. गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकणंही याच कारणाने वर्ज्य.

मशीन आणि लॅबचा आकडा जुळत नाही. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्तचाचणी) तरी खरं मानायचं ना?

घरच्या मशीनमध्ये १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर आधी हात बघा: आंबा कापलेल्या बोटाने तपासलं तर आंब्याची साखर मोजली जाते. साबणाने धुऊन कोरडं करा, बोटाच्या कडेला टोचा, पट्ट्यांची डबी बंद ठेवा, मुदत बघा.

बहुतेक प्रौढांना उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीए१सी ७ च्या आत हे लक्ष्य असतं. वयस्कर किंवा वारंवार लो होणाऱ्यांसाठी ते सैल ठेवतात. पण एचबीए१सी लाल पेशींवर अवलंबून असल्यामुळे रक्तक्षय, थॅलेसेमिया आणि सिकलसेलमध्ये फसवतं. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. तिथे रोजच्या मशीनच्या नोंदींवरच भरवसा ठेवावा लागतो. डोस न बदलता आपोआप साखर उतरायला लागली, इन्सुलिन कमी लागू लागलं तर खूश होण्याआधी क्रिएटिनिन तपासा. मूत्रपिंड थकलं की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं.

मुलांकडे परदेशी जातोय. काय न्यायचं?

लागेल त्याच्या दुप्पट इन्सुलिन, सुया आणि पट्ट्या, सगळं हातातल्या बॅगेत. विमानाच्या सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह इंग्रजीत घ्या. अमेरिकेत मुख्यतः १०० च्या ताकदीचं इन्सुलिन आणि सिरिंज मिळतात. भारतातली ४० ची बाटली नेली तर तिच्या लाल टोपणाच्या सिरिंजही इथूनच न्याव्या लागतील. ब्रिटनमध्ये मशीन वेगळ्या एककात दाखवतं: तिथल्या आकड्याला १८ ने गुणा, ७ म्हणजे १२६. घड्याळ बदलताना पहिल्या दिवशीचा डोस कसा घ्यायचा हे निघण्याआधी लिहून घ्या.

वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या?

कचऱ्याच्या पिशवीत नाही. सफाई कामगाराच्या हाताला टोचतात. फिनेलची किंवा तेलाची जाड प्लॅस्टिकची बाटली घ्या, टोपण न लावता सुई थेट आत टाका, बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारा, वर 'सुया' असं ठळक लिहा आणि जवळच्या दवाखान्यात किंवा रुग्णालयात त्यांच्या जैववैद्यकीय कचऱ्यात द्या. बहुतेक ठिकाणी विचारलं की घेतात.